आत्याबाईंना खोटं सांगून इकोला नेऊ का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. नाव-गाव वगळून थोडक्यात देते. घरी नवरा, दोन मुलं, सासूबाई आणि पाच एकर कोरडवाहू वावर. सासूबाईंना त्या आत्याबाई म्हणतात. वय 58. यंदा कापसाच्या वेचणीत अर्धी पात झाली की आत्याबाईंना दम भरतो, मग त्या धुऱ्यावर जाऊन बसतात. संध्याकाळी पायावर सूज असते. रात्री उशीखाली गोधडीची घडी घेतल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. लहानपणी सांधे सुजून त्या दोन महिने अंथरुणावर होत्या, असं माहेरचे सांगतात. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, ठोक्यासोबत वेगळा आवाज येतो म्हणाले आणि ‘टू-डी इको करून आणा’, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, अशी चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी तीन आठवड्यांपासून कोनाड्यात पडून आहे. आत्याबाई म्हणतात, ‘आता इको म्हणतीन, मंग अँजो म्हणतीन, मंग छाती फाडतीन. मले काई झालं नाई.’ परक्या माणसासमोर छाती उघडी करायची नाही, हेही त्यांनी एकदा दबक्या आवाजात सांगितलं. नवरा म्हणतो, वेचणी होऊ द्या. शेजारच्या काकांचा इको नॉर्मल आला होता आणि दीड महिन्यात ते हार्ट अटॅकने गेले, त्यामुळे या तपासणीचा उपयोग तरी काय, असंही घरात बोललं जातं. ताई विचारतात, ‘पोटाची सोनोग्राफी आहे असं सांगून त्यांना नेलं तर चालेल का? एकदा टेबलवर झोपल्या की होऊन जाईल.’

ताई,

होऊन जाईल, हे खरं आहे. मी स्वतः तेच केलं होतं, म्हणून सांगते.

मी परिचारिका होते. नोकरीची शेवटची सात वर्षं इकोच्या खोलीत गेली. कितीतरी घाबरलेल्या बायांचा हात धरून मी तिथं उभी राहिले आहे. तरीही स्वतःच्या आईला नेताना मी तिला ‘शुगर तपासायची आहे’ असं सांगितलं. उगाच कशाला घाबरवायचं, असं वाटलं. ती निमूट झोपली. छातीवर चिकटपट्ट्या लावल्या तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, ‘हे शुगरचं मशीन नोहे ना वं?’ परतीच्या एसटीत ती सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसली होती. तपासणी नीट झाली, निदान लागलं, गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांनी त्या गोळ्यांच्या पट्ट्या मला तांदळाच्या डब्यात सापडल्या. मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, ‘तू एकदा खोटं बोलली. आता ही गोळी कायची हाय, मले काय मालूम?’

त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

इको अर्ध्या तासाचा असतो. त्यात काही निघालं तर त्यापुढची वाट वर्षांची असते. रोजची गोळी, काहींना दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, सहा महिन्यांनी किंवा वर्षानं पुन्हा इको. तिथं प्रत्येक वेळी आत्याबाईंचा तुमच्यावर विश्वास लागणार आहे. तो पहिल्याच दिवशी खर्च करू नका. आणि विश्वासाचा हिशेब बाजूला ठेवला तरी छाती त्यांची आहे. तिच्यात काय बघणार आहेत, हे सगळ्यात आधी त्यांनाच कळायला हवं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, ती मला खटकली. आत्याबाई अडाणीपणानं नाही म्हणतात, असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. त्यांच्या नकारात मला तीन वेगळ्या भीती दिसतात. ऑपरेशनची भीती, अंगावरचं वस्त्र बाजूला होण्याची भीती, आणि तिसरी त्या बोलत नाहीत पण आपल्याकडे प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या पोटात असते ती: माझ्या दुखण्यापायी घर कर्जात जाईल. यातली एकही भीती मूर्खपणाची नाही. पण तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि ‘काही होत नाही, चला’ हे त्यांपैकी एकाचंही उत्तर नाही. वेचणी आटोपून दोघी घरी याल तेव्हा, नवरा आणि मुलं नसताना, एवढंच विचारा: ‘आत्याबाई, नेमकं कशाचं भेव वाटते?’ आणि मग गप्प राहून ऐका.

वस्त्राचं आधी सांगते, कारण यावर कोणी मोकळं बोलत नाही. इकोसाठी ब्लाऊज पुढून उघडावा लागतो, हे लपवू नका. छातीच्या हाडाच्या डाव्या बाजूला आणि डाव्या स्तनाच्या खाली ते यंत्र टेकवावंच लागतं, कारण हृदय तिथंच जवळ असतं. पण उघडं पडून राहावं लागत नाही. वरून चादर किंवा स्वतःचा पदर घेता येतो, जेवढी जागा हवी तेवढीच मोकळी करतात. पुढून हुकांचा सैल ब्लाऊज घालून न्या, पोलका असेल तर उत्तमच. मंगळसूत्र तोडावं किंवा काढून ठेवावं लागतं, ही अफवा मी शंभरदा ऐकली आहे. बहुतेक वेळा ते नुसतं खांद्यामागे सरकवलं की भागतं. तपासणारे डॉक्टर पुरुष असले तर सोबत एक बाई आत हवी, हे मागायला लाजू नका. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो हक्क लिहिलेला आहे, आणि 2021 च्या नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खासगी दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते. दारातच म्हणा, ‘मी सून आहे, मी आत थांबते.’ जागा नाही म्हणाले तर दवाखान्यातल्या सिस्टरला बोलवा म्हणा. भांडायची गरज सहसा पडत नाही. विचारलं की होतं. पण बाया विचारतच नाहीत आणि पुढची दहा वर्षं तो अर्धा तास मनात घेऊन फिरतात.

आता खोलीत काय होतं ते क्रमानं सांगते. हे असंच आत्याबाईंना वाचून दाखवा.

उपाशी जायचं नाही. साधी भाजी-भाकर खाऊन जायचं, नेहमीच्या गोळ्या घेऊन जायचं. कोणी ‘उपाशी या’ असं सांगितलं तर विचारा की हा कोणता इको आहे. अन्ननलिकेत नळी घालून करायचा एक वेगळा इको असतो, त्याला काही तास उपाशी राहावं लागतं आणि कवळी असेल तर काढावी लागते. तो पहिल्या फेरीत क्वचितच लागतो. तुमच्या चिठ्ठीवर लिहिलेला हा साधा, छातीवरून करायचा आहे.

खोलीत अंधार असतो. काही लपवायचं आहे म्हणून नव्हे, पडद्यावरचं चित्र नीट दिसावं म्हणून. छातीवर तीन चिकटपट्ट्या लावतात, त्यांतून विजेचा झटका बसत नाही. त्या फक्त ठोके मोजतात. मग डाव्या कुशीवर वळायला सांगतात आणि डावा हात डोक्याखाली घ्यायला लावतात. असं झोपलं की हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि मधलं फुप्फुस बाजूला होतं. आत्याबाईंना आडवं झालं की दम भरतो ना? मग टेबलवर चढायच्या आधीच सांगा. डोक्याकडची बाजू उंच करून तपासता येतं. हे न सांगितल्यामुळे गुदमरून उठून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग थंडगार, बुळबुळीत जेल लावतात. थंडीच्या दिवसांत अंग शहारतं. आवाजाच्या लहरींना मध्ये हवा आली की पुढे जाता येत नाही, म्हणून हे जेल. त्यावर एक मुठीएवढं यंत्र टेकवून फिरवतात. बरगड्यांच्या मधल्या फटीतून बघायचं असल्यानं ते दाबावं लागतं. बारीक अंगाच्या बाईला थोडं दुखतं. दुखलं तर ‘हळू’ म्हणायचं. मधूनच ‘श्वास सोडा, आता धरून ठेवा’ म्हणतात. दम धरवत नसेल तर तसं सांगायचं, शिक्षा थोडीच आहे. नंतर उताणं झोपवून पोटाच्या वरच्या खळगीत आणि कधी गळ्याच्या खळगीतही टेकवतात. एकदम मशीनमधून सूं-सूं, फस-फस असा मोठा आवाज येतो, तेव्हा नवखी बाई दचकतेच. तो तिच्याच रक्ताच्या वाहण्याचा आवाज. पडद्यावर लाल-निळे रंग दिसतात. लाल म्हणजे चांगलं आणि निळं म्हणजे खराब रक्त, असं तिथं नसतं. यंत्राकडे येणारं रक्त लाल दाखवतात, दूर जाणारं निळं, एवढंच. वीस मिनिटं ते पाऊण तास, आणि संपलं. सुई नाही, भूल नाही. जेल पुसायला घरून मऊ, जुनं सुती कापड न्या. दवाखान्यातला कागद अंगाला चिकटतो.

तपासणारे डॉक्टर बहुधा काहीच बोलत नाहीत. भुवया आकसून पडद्यावर रेघा मारत राहतात. त्या शांततेचा अर्थ ‘वाईट निघालं’ असा नसतो, ते मोजमाप घेत असतात. हे आत्याबाईंना आधीच सांगून ठेवा.

किरणांची भीती असेल तर तीही काढा. एक्स-रेसारखे किरण यात अजिबात नाहीत. विहिरीत वाकून हाक मारली की आवाज परत येतो, तसा आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा आणि परत आला की त्याचं चित्र काढायचं. इको म्हणजे प्रतिध्वनीच. 1953 मध्ये स्वीडनमधल्या लुंड गावी एडलर नावाचे डॉक्टर आणि हर्ट्झ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ यांनी लोखंडातल्या भेगा शोधायचं यंत्र आणून त्यानं पहिल्यांदा जिवंत माणसाचं हृदय पाहिलं. पोटातल्या बाळाला जी सोनोग्राफी चालते, तिचीच ही बहीण. गरोदर बाईलाही हा इको करता येतो.

शेजारच्या काकांचं ऐकून वाईट वाटलं. पण त्यांच्या मृत्यूवरून घरात जो अर्थ काढला जातो आहे, तो दुरुस्त करायला हवा. विहिरीवरची मोटर डोळ्यांपुढे आणा. मोटर पाणी किती फेकते, फूटव्हॉल्व्ह गळतो की अडकतो, हे मोटर चालू असताना बघून कळतं. इको तेच बघतो: हृदयाच्या भिंती, कप्पे, झडपा आणि फेकण्याची ताकद. पण मोटरला वीज पुरवणारी वायर आतून जळत आली असेल तर मोटर चालू आहे तोवर ते बाहेरून दिसत नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसांचं तसं असतं. त्या नसांमधला अडथळा साधा इको दाखवत नाही. आधी अटॅक येऊन स्नायूचा एखादा भाग मंदावला असेल तर तेवढं दिसतं. त्या नसांसाठी डॉक्टर लक्षणं बघून फिरत्या पट्ट्यावर चालायला लावून तपासतात, सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी (नसांत औषध सोडून काढायचं चित्र) सांगतात. म्हणजे काकांचा इको खोटा नव्हता. त्याला जो प्रश्न विचारताच येत नाही, त्याचं उत्तर लोकांनी त्यातून काढलं. छातीत दाबून येतं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते, घाम सुटतो, असं कोणाला होत असेल तर जुना नॉर्मल इको उशाशी ठेवून झोपू नका. 108 ला फोन करा.

तुमच्या आत्याबाईंचा प्रश्न मात्र बरोबर इकोच्या अंगणातला आहे. ठोक्यातला वेगळा आवाज, दम, पायाची सूज आणि लहानपणी सुजलेले सांधे. लहान वयात घसा दुखून ताप येतो, नंतर सांधे सुजतात आणि त्या आजारात काहींच्या हृदयाच्या झडपा कायमच्या जाड होतात. त्रास पुष्कळदा वीस-तीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो. आत्याबाईंना तेच आहे असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. नुसतं रक्त कमी असलं तरी ठोक्यात आवाज येतो आणि दमही भरतो, म्हणून हिमोग्लोबिनही सोबतच तपासून घ्या. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे, तुमच्या घरात कोणाला असेल तर तेही सांगा. सिकलसेलच्या रुग्णांनाही डॉक्टर इको सांगतात. पण दुखणं झडपेचं आहे की नाही, हे अंदाजानं ठरवत बसायचं नसतं, आणि ते उलगडून दाखवणारी इकोसारखी सोपी तपासणी दुसरी नाही.

‘मंग छाती फाडतीन’ याचं उत्तरही खरंच द्या. काही निघणारच नाही असं वचन देऊ नका. एवढं सांगा की पुष्कळ जण इको करून गोळ्या घेऊन घरी येतात. झडप अरुंद झाली असेल आणि तिची ठेवण योग्य असेल तर जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन ती मोकळी करता येते, छाती उघडावी लागत नाही. काहींना ऑपरेशन लागतं. पण तुमच्या होकाराशिवाय इकोच्या टेबलवरून कोणी उचलून ऑपरेशनला नेत नाही. चिठ्ठी घेऊन घरी यायचं आणि चार दिवस विचार करायचा, हा हक्क त्यांचाच आहे.

आता रिपोर्टबद्दल. तो इंग्रजीत येतो आणि घरातला बारावी शिकलेला पोरगा मोबाइलवर त्याचे अर्थ शोधत बसतो. ‘ईएफ 60 टक्के’ वाचून ‘हृदय 60 टक्केच चालते’ म्हणत रडणारी घरं मी पाहिली आहेत. हृदय भरल्यावर एका ठोक्यात त्यातलं किती रक्त बाहेर फेकतं, तो तो आकडा. 100 कोणाचाच नसतो. साधारण 55 ते 70 म्हणजे छान. याची उलट बाजूही लक्षात ठेवा: ईएफ चांगला आहे म्हणून झडप चांगली आहे असं होत नाही. झडप अरुंद असलेल्या बाईचा ईएफ 60 असतो आणि तरी तिला जिना चढवत नाही. ‘ट्रिव्हियल’, म्हणजे अगदी किरकोळ, असं लिहिलेली झडपेची गळती निरोग्या माणसातही दिसते. ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ (ठोक्यानंतर हृदय सैल पडायला थोडं मंदावणं) हे शब्द साठीच्या आसपासच्या पुष्कळ रिपोर्टांत असतात, बीपी असेल तर ते सांभाळायला हवं एवढा त्याचा अर्थ डॉक्टर सहसा सांगतात. रिपोर्ट घेऊन चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांकडेच परत जा. इको करणाऱ्यानं छाती बघितली आहे, पण आत्याबाईंची सगळी कहाणी त्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना माहीत आहे.

आणि वेचणी. भाऊंना माझा निरोप द्या. पांढरं सोनं झाडावर फुटून उभं असताना घरातले दोन हात कमी करणं काय असतं, ते मला कळतं. मीही शेतकऱ्याचीच पोर आहे. एखाद्याला नुसती तपासणी सांगितली असती, अंगात काही त्रास नसता, तर मीच म्हटलं असतं की पंधरा दिवस थांबा. पण आडवं झालं की दम, म्हणून उशाला गोधडीची घडी, आणि पायावर सूज ही थांबायची लक्षणं नाहीत. या आठवड्यात न्या. तोवर आत्याबाईंना ओझं उचलू देऊ नका. रात्री गुदमरून जाग आली, थुंकीतून रक्त पडलं किंवा चक्कर येऊन पडल्या तर इकोची तारीख बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

खर्चाचं: तुम्हाला यवतमाळचं सरकारी मेडिकल आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, लांब जायची तयारी असेल तर नागपूरचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यात इको रोज होतोच असं नाही. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला आधी फोन करून वार विचारायला लावा, नाहीतर एक मजुरी आणि दोन तिकिटं वाया जातात. सकाळच्या पहिल्या गाडीनं जा. आधार कार्ड, रेशन कार्ड, ती चिठ्ठी, आधी काढलेली ईसीजीची पट्टी आणि घरात आहेत त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, बाहेरूनचा इको त्यात बसेलच असं धरून चालू नका. पण पुढे झडपेचा उपचार लागला तर योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राच्या टेबलावर पहिल्यांदा जा, पैसे उसने काढायच्या आधी. हे आत्याबाईंच्या कानावर नक्की घाला. बऱ्याचदा नकार तिथंच विरघळतो. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या लेकराला शाळा-अंगणवाडीच्या तपासणीत हृदयाचा आवाज आहे म्हणून इको सांगितला असेल, तर तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत होतो. ती चिठ्ठी कोनाड्यात ठेवू नका.

सगळं खरं सांगूनही त्या नाही म्हणाल्या तर? तर त्या दिवशी नाहीच. ओढून नेऊ नका, रडून नेऊ नका. छोटं मागा. ‘इको नको तर नको, फक्त त्याच डॉक्टरांकडे परत चला, बीपी बघू, रक्त बघू, सुजेची गोळी विचारू.’ गावात इको झालेली एखादी बाई असेलच, तिला चहाला बोलवा. माझ्या शब्दांपेक्षा तिचं ‘थंड लागते, बाकी काई नाई’ जास्त काम करेल. आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

टेबलवर त्या डाव्या कुशीला वळल्या की त्यांची पाठ तुमच्याकडे येईल. शक्य झालं तर पलीकडून जाऊन त्यांच्या तोंडासमोर उभ्या राहा. आणि डॉक्टरांना दम, सूज हे सगळं सांगाल तेव्हा पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात ते गोधडीच्या घडीचं विसरू नका. आधी किती उशांवर झोपायच्या आणि आता किती लागतात, हे त्यांना मुद्दाम सांगा.